विषय: समुद्रावरून गाडी चालवायचा प्लॅन आणि आमचे 18,000 रुपये

नमस्कार,

तुमच्या ट्रॅव्हल कंपनीच्या कस्टमर केअरला हा माझा चौथा मेल. आधीच्या तिन्हींना "तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे" एवढं ऑटोमॅटिक उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय. मेल मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघं. मी, आमचे हे, माझी आई (वय 74, दोन्ही गुडघे कुरकुरतात) आणि धाकटी बहीण. यंदा अधिक महिन्यामुळे सगळे सण पुढे गेलेत, गणपती 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 ला आणि घटस्थापना थेट 11 ऑक्टोबरला, म्हणून मधल्या दिवसांत, 28 सप्टेंबर ते 8 ऑक्टोबर, इटलीचा समुद्रकिनारा आणि सिसिली बेट करायचं ठरलं. पक्षात प्रवास नको असं आईच म्हणत होती, मग परदेशात पक्ष लागत नाही असा शोधही तिनेच लावला, ते असो. तुमच्या ऑफिसातल्या मुलीनेही तेव्हा सांगितलं की हेच दिवस बेस्ट, ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर असते आणि बीचवर पाय ठेवायला जागा नसते, सप्टेंबर संपता संपता गर्दी ओसरते, रेट उतरतात आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी लगेच गार होत नाही म्हणून समुद्रात उतरताही येतं. अगदी बरोबर सांगितलं तिने. त्यावर विश्वास ठेवूनच आम्ही "तुमच्या गतीने, तुमच्यासाठी" या स्कीमचे 18,000 रुपये प्लॅनिंग फी आणि वर 2,40,000 अॅडव्हान्स भरला.

पंचवीस दिवसांनी 11 पानांची पीडीएफ आली. कव्हरवर पांढरी घरं आणि निळे घुमट. ते सँटोरिनी आहे हो, ग्रीसमधलं! तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती पण म्हटलं फोटोच आहे, जाऊ दे.

मग चौथा दिवस वाचला. "पोझितानो ते पालेर्मो, सेल्फ ड्राइव्ह कार, साडेतीन तास." पोझितानो मुख्य इटलीच्या किनाऱ्यावर, पालेर्मो सिसिलीत, आणि सिसिली हे बेट आहे हे मी तुमच्या कंपनीला कळवू का? मुख्य इटली आणि सिसिलीच्या मध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे, अरुंद जागी तीनेक किलोमीटर फक्त, पण त्यावर पूल नाही, गाडी फेरीबोटीत घालावी लागते आणि रस्त्याने हे सगळं अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे सकाळी निघालं तर रात्र. मी फोन केल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, मॅपवर जवळच दिसतंय." मॅपवर मालवणही डोंबिवलीच्या जवळच दिसतं.

शिवाय आमच्यात गाडी चालवते ती फक्त बहीण आणि तीही ऑटोमॅटिक. हे फॉर्ममध्ये लिहिलं होतं, तरी बुकिंग मॅन्युअल गाडीचं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढावं लागेल हे कुठल्याच पानावर नाही. पालेर्मोचं हॉटेल जुन्या शहरात ज्या भागात दिलंय तिथे बाहेरच्या गाड्यांना बंदीचा झोन आहे, कॅमेरे लावलेत, चुकून आत शिरलं की दंड होतो आणि घरी परतल्यावर कधीतरी क्रेडिट कार्डातून पैसे कापले गेले की मग कळतं. हे मला माझ्या ऑफिसातल्या एकीने सांगितलं, तुम्ही नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलंय ते सांगते. आमचे हे रेल्वेतून रिटायर झालेत, 34 वर्षं परळ वर्कशॉपला होते. त्यांना चर्च नको, म्युझियम नको, शॉपिंग तर नकोच. त्यांना एकच गोष्ट बघायची आहे. नेपल्सहून सिसिलीला जाणारी ट्रेन विला सान जोव्हान्नीला पोचते, तिथे डबे सुटे करतात आणि शंटिंग करून जहाजाच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात, मग अख्खी ट्रेन समुद्र ओलांडते आणि पलीकडे मेसिनाला पुन्हा जोडून पुढे निघते. प्रवाशांना तेवढ्या वेळात डब्यातून उतरून वर डेकवर जाता येतं. पहिल्या मीटिंगला त्यांनी हे तुमच्या मुलीला तीनदा सांगितलं, मी कोपर मारत होते की पुरे आता, पण तिने हसून डायरीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघासुद्धा मारल्या. मी स्वतः बघितल्या त्या रेघा. पीडीएफ आली त्या दिवशी ते चष्मा लावून अकराच्या अकरा पानं बोट फिरवत शोधत बसले होते, मग काही न बोलता फोन माझ्याकडे दिला आणि गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालायला लागले. झाडांना सकाळी एकदा घालून झालं होतं.

दिवस ट्रेनमध्ये जातो म्हणून ती टाळली असेल तर नेपल्स ते पालेर्मो रात्रीचं जहाज तरी सुचवायचं. संध्याकाळी निघतं, केबिनमध्ये झोपायचं, सकाळी पालेर्मो, हॉटेलची एक रात्रही वाचते. दोन्ही पर्याय सोडून तुम्ही आम्हाला समुद्रावरून गाडीने पाठवताय.

पोझितानोचं हॉटेल. "बीचपासून दोन मिनिटं." मी स्वतः हॉटेलला फोन लावला, तिथली बाई मोडक्या इंग्लिशमध्ये पण प्रामाणिकपणे म्हणाली की रस्त्यापासून रूमपर्यंत 180 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. ते गावच डोंगराच्या कड्यावर एकावर एक रचलेलं आहे, तिथे बीचपासून दोन मिनिटं म्हणजे उतरायची दोन मिनिटं, चढायची आईने किती धरायची? त्यापेक्षा जवळच्या सोरेन्तोला राहायचं आणि तिथून दिवसा बोटीने पोझितानो, अमाल्फी करायचं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बोटी चालू असतात, फक्त समुद्र खवळला तर रद्द होतात म्हणून एक दिवस हाताशी ठेवायचा. हे मी दोन संध्याकाळी मोबाइलवर बघून काढलं. मग 18,000 कशाचे?

आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिच्यासाठी वेगळं "व्हेज गाइड" दिलंय, त्यात पहिलीच शिफारस "पालेर्मोमध्ये बटर आरांचिना जरूर खा". आरांचिना म्हणजे भाताचा तळलेला गोळा, आणि पालेर्मोच्या त्या बटरवाल्या गोळ्यात हॅम घालतात. हॅम! नाव वाचून कुणीतरी ठोकून दिलंय. आणि खरंच जे तिच्यासाठी आहे ते यादीत नाहीच. तिथे बाजारात पानेल्ले मिळतात, बेसन पाण्यात शिजवून, थापून, कापून तळतात आणि पावात घालून वर लिंबू पिळून देतात. आपली पाटवडी तळून पावात घातली तर जे होईल ते. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मग मला तिकडे काळजी नाही. तिला सध्या फक्त तुमची काळजी आहे.

शेवटची रात्र ताओर्मिनाला आणि परतीचं फ्लाइट दुसऱ्या दिवशी सकाळी 6:35 ला पालेर्मोहून. ताओर्मिना बेटाच्या पूर्वेला, पालेर्मोचा एअरपोर्ट शहराच्याही पुढे पश्चिमेला, मध्ये तीन तासांहून जास्त रस्ता. म्हणजे रात्री बाराला उठून निघा. कातानियाचा एअरपोर्ट ताओर्मिनाहून तासाभरावर आहे. आता तिकीट बदलायचं तर फरक आम्ही भरायचा असं तुमचा माणूस म्हणतो. का म्हणून?

वेळ खरंच कमी आहे. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट 5 ऑगस्टला आहे, माणशी 90 युरो फी, 30,000 युरोचं इन्शुरन्स, सगळं तयार ठेवलंय, पण रोजचा प्लॅन आणि हॉटेल बुकिंग जुळलं पाहिजे आणि निर्णयाला एरवी पंधरा दिवस लागतात, कधीकधी पंचेचाळीससुद्धा. हा असला कागद मी व्हिसाला लावू? वाचणारा इटालियन असेल हो, त्याला त्याच्या देशात समुद्र कुठे आहे ते माहिती असणार.

तर माझं म्हणणं एवढंच. प्लॅनिंग फीचे 18,000 परत करा, कारण प्लॅनिंग झालेलं नाही. परतीचं तिकीट कातानियाहून करा, फरक तुमच्या खिशातून. पायऱ्यांचं हॉटेल आणि गाडी, दोन्ही रद्द. आणि ती ट्रेन, दिवसाची, खिडकीच्या सीटसकट. हे सगळं येत्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवा, जमत नसेल तर 2,58,000 पूर्ण परत करा. शनिवारी मी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार आहे, नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलाय, आणि तुमच्या सगळ्या पीडीएफ, पावत्या, मेल एका फाइलमध्ये लावून झालेत. मी 29 वर्षं बँकेत काढलीत, फाइल कशी लावायची ते मला कळतं.

जमलं तर त्या डायरीवाल्या मुलीलाच आमचं काम परत द्या. तिचं ऐकलं असतं तर एवढं लिहावं लागलं नसतं असं मला वाटतं.

फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा मी काउंटरवर असते.

तुमची (शुक्रवारपर्यंत) ग्राहक,
डोंबिवली पूर्व