दांडा फायबरचा, तार मात्र तांब्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर आपत्ती व्यवस्थापनाच्या रंगीत तालमीचा चार कॉलमी फोटो छापलात. मोबाइल बंद पडले तरी हॅम रेडिओवाले कसे सज्ज आहेत, याचं कौतुकही बातमीत भरभरून आहे. मी स्वतः जुना हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलणारा. माझी कॉलर ताठ व्हायला हवी होती, पण फोटो पाहून चहा तसाच राहिला. आमचीच चार पोरं अँटेनासाठी टेलिस्कोपिक, म्हणजे सरकवून लांब होणारा, पोल उभा करताहेत, एकाने बुंधा पोटाशी धरलाय, दुसरा मान वर करून हसतोय, आणि फोटोच्या वरच्या कडेला, त्या पोलच्या शेंड्याला खेटून, तीन तारा जाताहेत. फोटोग्राफरने चौकट झकास साधली आहे. तारांमुळे आभाळ मोकळं मोकळं वाटत नाही.

त्या तारा टेलिफोनच्या नव्हेत. खांबावर आडवी पट्टी, तिच्यावर चिनी मातीचे पिन इन्सुलेटर. आमच्या भागात हे दिसलं की 11 केव्ही समजायचं. घरातल्या बोर्डात 230 व्होल्ट असतात, इथे अकरा हजार. आणि या तारा उघड्या असतात. आत पोलादाचा गाभा, बाहेर ॲल्युमिनियम, बस्स. उन्हापावसाने काळ्या पडतात म्हणून बऱ्याच जणांना वर रबर आहे असं वाटतं. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी अशी तार जमिनीपासून किमान 6.1 मीटर उंच हवी. पोरांच्या हातातला पोल पुरा उघडला की दहा-बारा मीटर होतो. वजाबाकी पोरांनीही केली नाही, बातमीदारानेही केली नाही. समारंभाला आलेल्या अधिकाऱ्यांकडून तर अपेक्षाच नाही, त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे आहे.

आता मला उत्तर काय मिळणार, तेही मला पाठ आहे. "काका, पोल फायबरचा आहे!"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते काही वर्षांपूर्वी, एका कॉलेजच्या मैदानावर भरलेल्या शिबिरात. मैदानाच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाने शेतपंपांची लाइन गेलेली. संयोजक तरुण इंजिनिअर, हुशार, बोलायला गोड. त्याने पोल जमिनीवर आडवा टाकून तारा बांधायला घेतल्या होत्या आणि शेंडा नेमका लाइनकडे. मी म्हटलं, बाबा रे, हे सगळं त्या गोलपोस्टच्या पलीकडे घेऊन जा, मैदान काय भाड्याने आणलंय का? तर म्हणाला, "काका, तुम्ही सावलीत बसा, चहा सांगतो. फायबरला शॉक लागत नाही."

हा फायबर म्हणजे फायबरग्लास. तो कोरडा आणि स्वच्छ असेल तर वीज वाहत नाही, खरंय. पण आपण तो पोल हौस म्हणून उभा करतो का? त्याच्यावर अँटेना चढवायची असते. 40 मीटर तरंगलांबीच्या बँडची इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या V सारखी अँटेना, म्हटली की दोन्ही बाजूंना प्रत्येकी दहा मीटर तांब्याची तार आली. मधून कोॲक्स केबल, टीव्हीच्या केबलसारखीच, पोलला लगटून खाली येते, तिची जाळीही तांब्याची. ती केबल रेडिओच्या पाठीत शिरते. त्या दिवशी रेडिओसमोर अकरावीतली एक मुलगी कानाला हेडफोन लावून बसली होती, डाव्या हातात माइक, उजवा हात रेडिओच्या पत्र्यावर. फायबरचं कौतुक तिला काय उपयोगाचं? शिवाय पहाटेचं दव पडलेला, मातीने माखलेला फायबर किती भरवशाचा, हे कुठल्याही वायरमनला विचारा. आणि हल्ली स्वस्तात मिळतात म्हणून मासेमारीचे लांब गळ आणून पोल म्हणून वापरतात. त्यातले कित्येक कार्बन फायबरचे असतात. कार्बनमधून वीज वाहते. दोन्ही काळेच, दुकानदार दोघांनाही 'फायबर'च म्हणतो.

माझं कोणी ऐकलं नाही. पोल तिथेच उभा राहिला. या पोलच्या नळ्या एकीत एक बसतात आणि पिळून घट्ट करायच्या असतात, मध्ये खिट्टी नसते की बोल्ट नसतो, नुसत्या घर्षणावर सगळं. शेंड्याची बारीक नळी आधी ओढून पिळायची, मग तिच्या खालची, असं करत बुंध्याकडे यायचं. प्रत्येक सांधा आधी फडक्याने पुसून घ्यायचा, कारण वाळूचा एक कण गेला तरी पकड जाते. वर चिकटपट्टीचे दोन वेढे किंवा नळाला लावतात तसली होज क्लिप. इथे यातलं काहीच नव्हतं. उलट सगळ्यात बारीक शेंड्याला बॅलनचं (तारा आणि केबल जोडणाऱ्या डबीचं) आणि केबलचं अख्खं वजन टांगलेलं, पोल धनुष्यासारखा वाकलेला. ताणाच्या दोऱ्या दोनच, कारण तिसरी खुंटी कोणी आणली नव्हती. दोन दोऱ्यांवर पोल तिसऱ्या दिशेला पडायला मोकळाच असतो.

चारच्या सुमारास वारा सुटला. मधला एक सांधा सुटला आणि वरच्या नळ्या खटाखट आत बसत खाली आल्या. बुंध्याशी उभ्या असलेल्या मुलाचं बोट सांध्यावर होतं, नख चिरडलं. त्याने कळवळून हात सोडला, पोल कलला आणि पडला. उसात पडला. वारा लाइनच्या बाजूने येत होता म्हणून उसात. उलटा असता तर कुठे पडला असता ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मुलाच्या बोटाला हळद लावली. संध्याकाळी ग्रुपवर 'शिबिर उत्साहात संपन्न' असा मजकूर, खाली अंगठ्यांची रांग. मी दोन ओळी लिहिल्या की जागा चुकली होती, तर मला 'सेफ्टी काका' हे नाव पडलं. पुढच्या वर्षीपासून आमंत्रण बंद. माझी तक्रार नाही, मला घरी बसून चहा परवडतो. पण कालच्या तुमच्या फोटोत हसरा चेहरा त्याच इंजिनिअरचा आहे, आणि तारांचं अंतरही जवळपास तेच.

करायचं काय ते फार अवघड नाही. पोल पुरा उघडल्यावर जेवढी लांबी, त्यात वरची अँटेना, त्यावर निदान तीन मीटर, इतकं अंतर सर्वांत जवळच्या तारेपासून सुटलंच पाहिजे. पोल कुठल्याही दिशेला पडेल असं धरून चालायचं. मी सरळ दुप्पट धरतो: बारा मीटरच्या पोलला चोवीस मीटर, माझ्या चालीने तीसेक पावलं. अँटेनाच्या तारांची टोकं जिथे बांधणार तिथूनही हे बघायचं, कारण पोल पडताना तार चाबकासारखी फिरते. तीन दोऱ्या, तीन दिशांना, आणि त्या शेंड्याला नव्हे तर जाड नळ्यांच्या उंचीवर. पोल खोलण्याआधी एक जण फक्त वर बघायला नेमायचा, तो "थांब" म्हणाला की साहेबांचं भाषण चालू असलं तरी थांबायचं. आणि ढग गडगडले की आधी पोल खाली. वळवाच्या दिवसांत तालीम ठेवताच, तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप तरी मोबाइलमध्ये घ्या, फुकट आहे.

पोल तारेला लागलाच, तर धरायला धावायचं नाही. पहिल्यामागोमाग दुसरा माणूस असाच जातो. लाइन ट्रिप झाली म्हणून ती मेली असंही समजू नये, सबस्टेशनमधून पुन्हा ट्राय घेतात, म्हणजे लाइन चालू करून बघतात, आणि तार परत जिवंत होते. लांब राहायचं, लोकांना लांब ठेवायचं, 1912 ला फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री वीज कंपनीच्या माणसाकडूनच घ्यायची. पायात रबरी चप्पल आहे ही समजूत 11 केव्हीपुढे टिकत नाही.

हा हॅमवाल्यांचा आपसातला मामला आहे असं वाटत असेल, तर तुमच्याच धंद्यातलं सांगतो. मे 2000 मध्ये लॉस एंजेलिसला एका वृत्तवाहिनीच्या गाडीने थेट प्रक्षेपणासाठी छतावरचा मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, वर सरकवला, तो विजेच्या तारेला लागला. गाडीतली वार्ताहर बाई भयंकर भाजली, तिला हाताचा भाग गमवावा लागला. टेलिस्कोपिकच मास्ट तो, फक्त महागाचा. आपल्याकडे मिरवणुकीतला लोखंडी झेंडा तारेला लागल्याच्या बातम्या तुम्हीच छापता, आणि त्याच पानावर असले फोटो कौतुकाने टाकता.

हॅमचं काम मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून हॅमनीच घरोघरीचे निरोप पोचवले होते. पण संकटात निरोप पोचवायला ऑपरेटर आधी शाबूत लागतो.

जाता जाता दुसरी एक गोष्ट. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या लोंबत्या तारांबद्दल मी पत्र पाठवलं होतं. तुम्ही ते छापलंत, आभार. पण काटछाट करताना 'केव्ही'चं 'व्होल्ट' केलंत आणि जिल्हाभर बातमी गेली की आमच्या डीपीवर 11 व्होल्टची लाइन आहे. ट्रान्झिस्टरमध्ये तीन सेल घालणारे लोक मला अजून विचारतात की मास्तर, 11 व्होल्टला इतकं काय घाबरता? तेव्हा या वेळी जागा कमी पडली तर माझं अख्खं शिबिर कापा, इंजिनिअर कापा, चहासुद्धा कापा. आकड्यांना हात लावू नका.

आपला,
एक निवृत्त तंत्रशाळा शिक्षक, सातारा
(नाव व कॉलसाइन, म्हणजे माझी रेडिओवरची सांकेतिक ओळख, छापू नये. इथे आम्ही हॅम इतके थोडे आहोत की लगेच ओळखू येईन. तरी येईनच म्हणा.)