मुंबई-लंडन म्हणे साडेचार तास!

संपादक साहेब, नमस्कार.

मागे तुमच्या प्रवास पुरवणीत एक तक्ता आला होता, मुंबईहून कुठलं शहर किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो त्याचा. त्यात लंडनला जायला साडेचार तास आणि यायला साडेचौदा तास असं छापलंय. अहो, साडेचार तासांत गणपतीत आमची गाडी डोंबिवलीहून चिपळूणला पोचत नाही!

कोणीतरी पोचायच्या वेळेतून निघायची वेळ सरळ वजा केलेली दिसतेय. दुपारी २ ला मुंबईहून सुटलेलं विमान लंडनच्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला उतरतं, पण तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १२ वाजलेले असतात, म्हणजे झाले १० तास. येताना रात्री ९ ला निघून इथं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा, त्यातले साडेपाच तास नुसते घड्याळाचे, खरे ९च. आणि हे पण हिवाळ्याचं, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, म्हणजे आपल्यातला फरक साडेपाचाऐवजी साडेचार तासच.

आमच्या हिने तुमचा तक्ता कापून फ्रिजवर लावला होता. साडेचार तासांचंच तर आहे म्हणून शुगरच्या गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेत, तळाला, मेतकुटाच्या बरणीखाली, आणि पर्समध्ये दशम्या दोनच. निघायच्या रात्री बॅग दोन किलो जास्त भरली म्हणून उपसायला घेतली तेव्हा डबा सापडला, नाहीतर गेला असता विमानाच्या पोटात. तिकिटावर वेळ लिहिलेली असते हो, पण ते कोण वाचतंय, पेपरात आलंय ना!

बरं नुसतं अंतर भागिले वेग पण चालत नाही. सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किमी, ताशी ९०० ने भागलं की ८ तास येतात, पण वर पस्तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा वारा असतो, जाताना तोंडावर, येताना पाठीशी. फेब्रुवारी २०२० च्या वादळात न्यूयॉर्क-लंडन विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी सहा-सात तास लागतात. शिवाय रस्ता सरळ कुठे मिळतो? जवळची रेघ पाकिस्तान, इराण करत युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ ला बंद झालं आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना त्यांचं बंद केलं, मग मारा वळसा. आता गंमत बघा, लांबचा रस्ता कधी लवकर पण पोचवतो. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, १३,९०० किमीचे १५,३०० झाले आणि वारा पाठीशी म्हणून वेळ उलट कमी लागला.

तर तक्ता सुधारून परत छापा, जायचा-यायचा वेळ वेगळा आणि पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची की इथल्या ते शेजारी लिहून. आम्हाला एप्रिलमध्ये परत जायचंय आणि फ्रिजवर अजून तुमचाच जुना कागद आहे.

– एक वाचक, डोंबिवली