दारावरची डबी

महोदय,

ज्यू घराच्या चौकटीवरची लांबट डबी पाहून लोक हमखास विचारतात, ‘ताईत का?’ ती मेझुझा. खरं मोल आतल्या चर्मपत्राचं: त्यावर ‘शेमा’ या ज्यू प्रार्थनेचे उतारे हिब्रूत, 22 ओळींत, हाताने लिहिलेले असतात. छापील कागद चालत नाही. आत शिरताना उजवीकडच्या खांबावर, साधारण खांद्याच्या उंचीला ती ठोकतात. कुणी उभी, कुणी वरचं टोक खोलीकडे कलवून. बाथरूम-संडासाला लावत नाहीत.

पावसाळी दमटपणात शाई तडकते, अक्षरं एकमेकांना चिकटतात. एक अक्षर तुटलं तरी मेझुझा बाद! म्हणून सात वर्षांत दोनदा जाणकाराकडून तपासून घ्यायची. रंगकाम करणारे मात्र डबीवरच ब्रश फिरवतात.

एक वाचक, रास्ता पेठ, पुणे