तेराव्या अध्यायाचं शीर्षक अखंड दिसलं, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री आमच्या ऑनलाइन पारायणात ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय लागला. आत्या न्यू जर्सीहून, दोन काकू ठाण्याहून, साताऱ्याचे आजोबा आणि मी. आत्याकडे सकाळ, आमच्याकडे रात्रीचे साडेआठ. सगळे ओव्या म्हणायला बसले होते आणि मी मात्र फोनवर माझ्याच अ‍ॅपच्या वरच्या पट्टीकडे पाहत होते. वर 'अध्याय तेरावा', त्याखाली 'क्षेत्रक्षेत्रज्ञविभागयोग'. अखंड, बरोबर मधोमध, एकही मात्रा न तुटता. आपल्या पहिल्याच कॉलवर तुम्ही विचारलं होतंत, "आज पहिल्या अध्यायाचं बघतेयस, पण तेरावा येईल तेव्हा काय करशील?" त्या प्रश्नाचं उत्तर काल मिळालं, म्हणून आज लिहायला बसले.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता. नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, तेव्हा नुसतं 'ताई' म्हणते. पण पत्र उघडच लिहिते आहे, कारण आयफोनच्या अ‍ॅपमध्ये मराठी शीर्षक बसवताना मी जिथे अडले तिथे आणखी कुणीतरी नक्की अडलं असेल.

आठवतंय ना, सुरुवात आत्याच्या फोनपासून झाली होती. ज्ञानेश्वरी वाचायचं अ‍ॅप मी नोकरी सांभाळून, संध्याकाळचं बसून केलं होतं. पहिल्या रविवारी तिनं ते उघडलं आणि विचारलं, "अगं, हे 'अजुनविषादयोग' काय आहे?" मी कोड तपासला. कोडमध्ये 'अर्जुन' होतं. पडद्यावर रफार गायब होता. अर्जुनाच्या डोक्यावरचा रफार माझ्या अ‍ॅपनं कापला होता, आणि तोही पहिल्या अध्यायाच्या पहिल्या शब्दात. मला रात्रभर झोप लागली नाही. आत्या तिच्या गटातल्या काकूंशी बोलली, काकू तुमच्याशी, म्हणजे त्यांच्या सुनेशी, आणि पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही कॉलवर होतात. ओळख ना पाळख, आणि सलग तीन रविवार तुम्ही दिलेत.

तुम्ही आल्यावर रफाराकडे आधी पाहिलंच नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "शीर्षकावर बोट ठेव." शीर्षकावर टिचकी मारली की अध्यायांची यादी उघडायला हवी होती. उघडली नाही. मग म्हणालात, "ज्या व्ह्यूमध्ये दोन्ही लेबलं ठेवलीयस, त्याला लाल रंग दे." व्ह्यू म्हणजे पडद्यावरची न दिसणारी चौकट, लेबल म्हणजे तिच्यातला मजकुराचा तुकडा. मी रंग दिला, अ‍ॅप पुन्हा चालवलं. अक्षरं दिसत होती, लाल रंग कुठेच नव्हता. तुम्ही काही बोलला नाहीत. मीच हळूहळू बोलले, "म्हणजे या व्ह्यूला आकारच नाही." तो क्षण मी विसरणार नाही. तुम्हाला उत्तर पहिल्या मिनिटाला कळलं असणार. ते मला सापडेपर्यंत तुम्ही थांबलात.

आकार का नव्हता, ते तुम्ही इतकं नीट उलगडलंत की मी वहीत लिहून ठेवलं. वरची पट्टी म्हणजे नेव्हिगेशन बार, आणि तिच्यातली शीर्षकाची जागा म्हणजे टायटलव्ह्यू. तिथे आपला व्ह्यू ठेवला की पूर्वी आपण दिलेल्या फ्रेमवर, म्हणजे हातानं लिहिलेल्या जागेवर आणि मापावर, बरंचसं भागायचं. 2017 मध्ये आयओएस 11 आलं तेव्हापासून नेव्हिगेशन बार स्वतःची मांडणी ऑटो लेआउटनं, म्हणजे नियमांवरून जागा ठरवून, करतो. तो आपल्या व्ह्यूला विचारतो, तुला किती जागा हवी? लेबलाला आपलं माप ठाऊक असतं, ते सांगतं. मी मात्र रिकाम्या चौकटीचा साधा व्ह्यू घेऊन त्यात दोन लेबलं हातानं आखून ठेवली होती. बारनं विचारलं, त्या व्ह्यूकडे उत्तर नव्हतं, बारनं त्याला शून्य जागा दिली. लेबलं शून्याच्या बाहेर लटकत दिसत राहिली. टिचकीही बाहेरच पडत होती, आणि जी टिचकी व्ह्यूच्या हद्दीबाहेर पडते ती त्याला पोचत नाही. शीर्षक मध्यापासून सुरू होऊन उजवीकडे जात होतं तेही याच कारणानं. मी ते 80 पॉइंट (पडद्यावरचं माप) मागे ओढून 'मध्यावर' आणलं होतं. माझ्या फोनवर ते बरोबर दिसायचं, आत्याच्या फोनवर नाही.

ते 80 पाहून तुम्ही रागावला नाहीत. "हा आकडा कुठून आला?" एवढंच विचारलंत. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कोडमध्ये ज्या आकड्याचं कारण सांगता येत नाही तो तिथे ठेवायचा नाही, हे मला तिथेच उमगलं. साध्या व्ह्यूच्या जागी उभा स्टॅकव्ह्यू आला, म्हणजे आतल्या वस्तू स्वतःच ओळीनं रचणारा व्ह्यू. त्यात दोन लेबलं, दोन्ही मधोमध. लेबलांवरून स्टॅकव्ह्यूला माप कळतं, स्टॅकव्ह्यूवरून बारला. लाल रंग दिसला, टिचकी लागली, 80 गेला. सत्तर ओळींचा कोड पंधरावर आला.

माझ्या डोक्यात तेव्हा आणखी एक तोडगा होता. व्ह्यूनं आपलं हवं ते माप म्हणून शक्य तेवढं मोठं माप सांगायचं, म्हणजे बार त्याला उरलेली सगळी जागा देतो. तुम्ही म्हणालात, करून बघ. केलं. डावीकडे 'मागे'चं लांब बटण, उजवीकडे दोन छोटी. शीर्षक त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेच्या मध्यावर आलं, पडद्याच्या मध्यावर नाही. डोळ्याला लगेच खुपलं. व्ह्यूनं गरजेइतकीच जागा मागितली तर बार त्याला पडद्याच्या मध्यावर ठेवायचा प्रयत्न करतो, आणि बटणं आडवी आली तरच सरकवतो. हे तुम्ही सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं आणि विसरले असते.

मग रफार.

दुसऱ्या रविवारी तुम्ही मला कागदावर गणित करायला लावलंत. माझ्या फोनवर बारची उंची 44 पॉइंट. वरचं लेबल 16 पॉइंटांचं, खालचं 12. आमच्या फाँटची ओळ अक्षराच्या मापाच्या 1.6 पट उंच. म्हणजे 25.6 अधिक 19.2, एकूण 44.8. बसत नाही. आणि ते बसत नाही म्हणून मी काय केलं होतं? वरच्या ओळीची कमाल उंची 18 वर आवळली होती. इंग्रजी शीर्षकाचा एक नमुना समोर होता, त्यातून ती ओळ उचलली होती. इंग्रजी अक्षरांना वर-खाली फारसं काही नसतं, त्यामुळे तिथे ते खपून जातं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, आणि जोडाक्षराचे पाय. 'र्जु' या एकाच अक्षराला वर रफार आणि खाली उकार, दोन्ही हवेत. तुम्ही म्हणालात, "ओळीची उंची ही अक्षराची जागा आहे. अक्षर लहान कर, त्याची जागा कापू नकोस." 15 आणि 11 केलं. 24 अधिक 17.6, म्हणजे 41.6. वर 2.4 पॉइंट शिल्लक. अर्जुनाचा रफार परत आला.

त्याच दिवशी तुम्ही मला चाचणीसाठी यादी करायला लावलीत. मी आधी 'चाचणी' हा शब्द टाकून बघत असे. तुम्ही म्हणालात, अठराही नावं टाक. अर्जुनविषादयोग, विश्वरूपदर्शनयोग, क्षेत्रक्षेत्रज्ञविभागयोग, दैवासुरसंपद्विभागयोग, श्रद्धात्रयविभागयोग. ही यादी म्हणजे देवनागरीची परीक्षाच आहे. रफार, 'रू', 'श्व', 'क्षे', 'ज्ञ', 'द्धा', आणि 'द्वि', ज्यात वर वेलांटी आणि खाली 'व'. ज्या पट्टीत ही अठरा नावं नीट बसतात, तिच्यात मराठीतलं कुठलंही नाव बसेल असा मला आता विश्वास आहे. आज दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपचं काम असलं तरी मी हीच यादी आधी टाकते.

अध्यायाचा क्रम आणि नाव मी वरच्या एकाच ओळीत कोंबलं होतं आणि खाली ओवीचा क्रमांक ठेवला होता. "ओवीचा क्रमांक पानात आहेच, तो वर कशाला?" या तुमच्या एका प्रश्नानं पट्टी मोकळी झाली. क्रम वर, नाव खाली. त्यानंतर टिंबं देऊन नाव तोडायची वेळ आलीच नाही. अगदी अरुंद पडद्यासाठी अक्षर 0.8 पटीपर्यंत लहान होऊ द्यायचं, त्याखाली नाही, एवढी मुभा ठेवली आहे.

माझ्या मैत्रिणीनं आखलेल्या नमुन्यात शीर्षकाच्या अक्षरांमध्ये थोडं अंतर होतं. ते मी कोडमध्ये जसंच्या तसं आणलं होतं. त्यानं शिरोरेषा तुटत होती, प्रत्येक अक्षर सुटं उभं. ते पाहताच तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. "शिरोरेषा तुटली की शब्द तुटला," म्हणालात, आणि ती ओळ पुसली जाईपर्यंत पुढे सरकला नाहीत. मला तुमचं तेच सगळ्यात आवडलं.

'मागे'च्या बटणाचंही तसंच. त्याच्यावरचं नाव घालवायला मी रिकामा मजकूर दिला होता. तुम्ही बटण दाबून धरायला सांगितलंत. आयओएस 14 पासून तिथे मागच्या पानांची यादी उघडते, आणि माझ्या यादीत नुसत्या कोऱ्या ओळी होत्या. बटणाची दाखवायची पद्धत 'मिनिमल' केली, म्हणजे फक्त बाण दिसतो आणि नावं यादीत शाबूत राहतात. त्यासाठी टायटलव्ह्यू असला तरी पानाचं साधं शीर्षकही भरून ठेवावं लागतं, हेही तेव्हाच कळलं.

माझा फोन आडवा धरला की पट्टी 32 पॉइंटांची होते. तिथे दोन ओळी मावत नाहीत, म्हणून उभी जागा कमी झाल्याचं कळताच स्टॅकव्ह्यू आडवा होतो आणि क्रम व नाव शेजारी येतात. हे मी एकटीनं केलं, चौथ्या रविवारी, तुम्ही नसताना. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

आणि साताऱ्याचे आजोबा. त्यांना आता दिसत नाही, ते व्हॉइसओव्हरवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या आयफोनच्या सोयीवर, ऐकतात. आपण स्वतः शीर्षक रचलं की ते शीर्षक आहे हे फोनला आपोआप कळत नाही, दोन सुटे तुकडे वाचले जातात, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शेवटच्या कॉलवर, निघता निघता, तुम्ही म्हणालात, "डोळे मिटून एकदा तुझं अ‍ॅप वापर." मी वापरलं. आता दोन्ही लेबलं मिळून एकच घटक आहे, त्याला हेडर आणि बटण या दोन्ही खुणा आहेत. काल आजोबा म्हणाले, "तेराव्यावर आलो वाटतं." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ताई, तुमच्या तीन रविवारच्या सकाळी गेल्या. तुमची मुलगी पाठीमागे "आई, कधी उठणार" विचारत होती, ते मला ऐकू यायचं. तिलाही माझे आभार सांगा.

तेराव्या अध्यायात अकराशेहून जास्त ओव्या आहेत, तेव्हा तो अजून काही रविवार चालेल. सोळाव्याचं 'संपद्वि' मी आडव्या पट्टीवर तपासलं आहे, वेलांटी आणि खालचा 'व' दोन्ही शाबूत आहेत. फोटो सोबत पाठवते. आत्यानं निरोप दिला आहे की अठरावा लागेल त्या रविवारी तुम्ही आणि काकू दोघींनी यायचं आहे. सुरुवातीच्या ओव्या तुम्ही म्हणायच्या, असं तिनं ठरवून टाकलं आहे.

तुमची,
साताऱ्याची धाकटी बहीण