हार घालता, पण मे १९३० कोण सांगणार?

मा. संपादक, नमस्कार.

१२ जानेवारी आली की सोलापुरात चार हुतात्मा चौकात हार पडतात, भाषणं होतात, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं घेतली जातात. ते व्हायलाच पाहिजे. पण १९३१ला ही माणसं येरवड्यात फासावर गेली ती ज्या मे महिन्यामुळं, तो दोन वाक्यात उरकतात. कॉलेजातल्या पोरांना विचारा, मार्शल लॉ (लष्करी राजवट) लागला एवढं सांगतील, का लागला म्हटलं की गप्प.

गांधीजींना अटक झाली, गिरण्यांतले कामगार काम टाकून रस्त्यावर आले, ८ मेला दारूबंदीसाठी शिंदीची झाडं तोडण्यावरनं पोलिसांशी जुंपली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले आणि मग लोक कुणाच्या बापाला ऐकेनात. मंगळवार पेठेतली चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले (चौघांना फाशी झाली ती याच प्रकरणात), कोर्टालाही आग लागली. हे लपवायचं काय कारण नाही. पण पुढचं बघा की, पोलीस गावातनं निघून गेले आणि ९ ते ११ मे सोलापूर काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळलं, चौकातली ट्राफिकसुद्धा तीच पोरं बघत होती! १२ला मार्शल लॉ, तो थेट ३० जूनपर्यंत, नुसती गांधी टोपी घातली तरी धरायचे.

आता कुणी कुणी याला अनार्किझम, म्हणजे कुठलंच सरकार नको असा विचार, म्हणतं. मला नाही पटत. स्पेनमधल्या बार्सिलोनात जुलै १९३६ला लष्कराचं बंड मोडल्यावर कामगारांच्या युनियननं ट्राम स्वतःच चालवायला घेतल्या, पण त्यांना मालक आणि सरकार दोन्ही मुळातच नको होतं. आपल्या लोकांना सरकार पाहिजे होतं, फक्त गोऱ्याचं नको होतं. जवळचं उदाहरण द्यायचं तर साताऱ्याकडचं नाना पाटलांचं प्रतिसरकार घ्या, १९४३ पासनं गावातले तंटे गावातच मिटवायचे, स्वतःची तुफान सेना. फरक एवढाच की त्यांना जमवाजमव करायला वेळ मिळाला, सोलापूरला तीन-चार दिवससुद्धा धड मिळाले नाहीत.

महापालिकेनं मंगळवार पेठेत आणि जुन्या मिलच्या भागात साधे बोर्ड तरी लावावेत, तारखेसकट, त्यात गिरणी कामगारही यावेत आणि मेलेले ते दोन पोलीसही. उद्घाटनाला मंत्री नसला तरी चालेल.

– एक वाचक, सोलापूर