विडंबनपट मूळ चित्रपटाशेजारी दाखवावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंभीर चित्रपट पाहणारा तो जाणकार आणि विडंबनपट पाहून हसणारा तो उथळ, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एखाद्या जुन्या चित्रपटाचे विडंबन मेहनतीने बसवले, तरी पाहुणे त्याची बोळवण ‘नकला बऱ्या केल्या’ एवढ्यावरच करतात. असे चित्रपट वर्षानुवर्षे आवडीने पाहत आलेला एक प्रेक्षक म्हणून मला हे अन्यायाचे वाटते.

‘शोले’ मी पहिल्यांदा आमच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, तंबूत बसून पाहिला. त्याच यात्रेत एका तमाशाच्या फडात सोंगाड्या कमरेचा पट्टा हातात लोंबकळत ठेवून, बूट घाशीत गब्बरसिंगसारखा आला आणि आपल्या साथीदारांकडून त्या रात्रीच्या तिकिटांचा हिशेब मागू लागला. ज्यांनी तंबूतला चित्रपट पाहिला होता, ते त्याच्या पहिल्या पावलालाच हसले. ज्यांनी पाहिला नव्हता, ते शेजाऱ्याकडे पाहून हसले. विडंबनाचा खरा आनंद मूळ कलाकृती मनात असल्याशिवाय मिळत नाही, हे मला तेव्हा कळले.

करणाऱ्यालाही मूळ कलाकृती आतून ठाऊक असावी लागते. ‘एअरप्लेन’ (१९८०) या अमेरिकी विनोदी चित्रपटाच्या कर्त्यांनी ‘झीरो अवर’ (१९५७) या अत्यंत गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेतले आणि त्यातील कथा व कित्येक संवाद जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. अन्नातून विषबाधा होऊन वैमानिक आजारी पडतात आणि विमान उतरवण्याची जबाबदारी मनाने खचलेल्या एका माजी वैमानिकावर येते, हा प्रसंग दोन्हीकडे आहे. त्यांनी लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक अशा तोवर गंभीर भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नटांना घेतले, आणि हे नट चेहऱ्यावरची रेषही हलू न देता वाटेल ते बोलतात, म्हणूनच हसू आवरत नाही. मेल ब्रुक्स यांनी ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) कृष्णधवल तर काढलाच, शिवाय १९३१च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील प्रयोगशाळेची उपकरणेही त्यात वापरली. ज्याची टिंगल करायची, त्याचे सामानसुद्धा इतक्या जपणुकीने कोण वापरील? त्या भयपटावर जीव असलेला माणूसच ते करू शकतो.

आपल्याला ही रीत परकी नाही. पैठणच्या नाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव यांची सोंगे भारुडांत आणली, ती त्यांची बोली आणि लय नेमकी पकडून. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये समकालीन कवींचे विडंबन केले, तेही त्यांची वृत्ते आणि शब्दकळा अंगी मुरवूनच. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात नासिर शेख यांनी यंत्रमागाच्या त्या गावातील हौशी मंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा डाकूंच्या घोड्यांच्या जागी सायकली आल्या. ती तडजोड गरिबीतून आलेली होती, पण मूळ चित्रपटावरील त्यांची माया तीत स्पष्ट दिसते.

याउलट, दूरचित्रवाणीवरील प्रहसनांत पुरुषाला लुगडे नेसवून किंवा आम्हा मराठवाड्यातील लोकांची बोली वेडीवाकडी बोलून जो हशा मिळवला जातो, त्याला मी विडंबन मानत नाही. तिथे मूळ काहीच अभ्यासलेले नसते. बोलीचा अभ्यास तर नाहीच नाही; ‘करायलो’, ‘जायलो’ एवढे दोन शब्द आले की, काम झाले असे समजतात. याचा आम्हाला मनापासून त्रास होतो.

मराठी निर्मात्यांना माझे सांगणे आहे की, आपला तमाशापट या प्रकारासाठी अगदी तयार आहे. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) यांसारख्या चित्रपटांनी एक पूर्ण जग उभे केले: वाड्यावरचा मिशीवाला पाटील, पाण्याला गेलेल्या बाया, गावात उतरलेला फड, लावणीच्या बैठकीत ढळणारा सज्जन आणि या सगळ्याला साक्षी असलेला कंदील. या जगावर मनापासून प्रेम करणाऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने तीच मांडणी, तीच ढोलकी आणि तेच गंभीर चेहरे घेऊन विडंबनपट काढला, तर तो खेड्यातही आणि शहरातही चालेल, असा मला विश्वास वाटतो.

तोपर्यंत एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. छत्रपती संभाजीनगरात होणाऱ्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाने आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या चित्रपट मंडळांनी एका संध्याकाळी मूळ चित्रपट आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याचे विडंबन, असा क्रम ठेवावा. माळेगावची यात्रा भरवणाऱ्या नांदेड जिल्हा परिषदेनेही लावणी आणि कुस्त्यांच्या जोडीने दोन रात्री या कामासाठी एक पडदा उभारावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
लोहा, जि. नांदेड