सूचना : प्रथम वर्षाच्या सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

कॉलेज सुरू होऊन महिना होत आला, तरी ग्रुपवर वेळापत्रक आणि मिसळीचे फोटो सोडून काही दिसत नाही. मिसळ खाच, पण बाकीचंही लांबणीवर टाकू नका.

राष्ट्रीय सेवा योजना किंवा एनसीसीत नाव घालायचं असेल तर आत्ताच सूचना फलक बघा. रासेयोत दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. खेड्यातल्या शाळेत मुक्काम आणि पन्नास माणसांच्या पोळ्या लाटणं एकदा तरी अनुभवाच. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र हवं असेल तर तिसऱ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही.

नाशिकच्या शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून सुरू आहे. तिथलं सभासदत्व घ्या. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते, तिलाही जा.

आपले जुने सभासद भेटले की मार्क कमी पडल्याची खंत फारसं कोणी बोलून दाखवत नाही. एकांकिकेच्या तालमीला लाजून गेलो नाही, सरांना शंका विचारली नाही, रूममेटशी धरलेला अबोला तसाच राहिला, हेच ऐकू येतं. (अटेंडन्सचं मात्र आपलं आपण बघा, त्यात आम्ही पडणार नाही.)

रविवारी सकाळी दहाला वसतिगृहाच्या वाचनकक्षात तृतीय वर्षाचे सभासद गप्पांना बसतील. येताना प्रश्न आणा. चहा आमच्याकडून, कप आपापला.